पुसू नको, पाठवू नको, येऊन सांग

आषाढातली गोष्ट. नववी ‘ब’मधली एक मुलगी चार दिवस शाळेत आली नव्हती. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. बहुतेक मुलांचे वडील यंत्रमागावर, आया घरी विड्या वळतात. अशा वस्तीत मुलगी चार दिवस दिसली नाही, तरी आम्ही शिक्षक फारशी चौकशी करत नाही. आई आजारी असेल, धाकट्याला सांभाळायचं असेल, विड्या वळायला हात कमी पडत असतील. मीही गैरहजेरी मांडून पुढे गेले. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. आत येईना, जाईना. शेवटी म्हणाली, “बाई, मी सांगितलं म्हणून तिला सांगू नका. तिला कोणतरी घाण फोटो पाठवायलंय. तिचाच चेहरा लावून.”

मी विज्ञान शिकवते. शाळेतला संगणक कक्ष, स्मार्ट टीव्ही, वर्गांचे व्हॉट्सअॅप ग्रुप हे सगळं गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. म्हणजे ज्या वाटेने तो माणूस त्या मुलीपर्यंत पोहोचला, ती वाट माझ्या ताब्यातली होती. हे मला त्याच संध्याकाळी कळलं.

झालं होतं ते असं. नववी ‘ब’चा एक ग्रुप होता, पालक आणि मुलं एकत्र. ग्रुपमध्ये सामील होण्याची लिंक मीच जूनमध्ये टाकली होती. ती पुढे कोणीतरी क्लासच्या ग्रुपवर टाकली, तिथून आणखी कुठे गेली देव जाणे. कोणाचा आहे हे कोणालाच माहीत नसलेला एक नंबर आत येऊन बसला आणि त्याला ग्रुपमधल्या सगळ्यांचे नंबर दिसू लागले. आदल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातला तिचा नाचाचा फोटो शाळेच्या फेसबुक पानावर होता. खाली नाव, इयत्ता, तुकडी, सगळं. चेहरा तिथून घेतला, बाकीचं चित्र भलतंच जोडलं आणि धमकी दिली: आणखी फोटो पाठव, नाहीतर हा ग्रुपवर टाकतो. अकरा दिवस ती पोरगी हे एकटीने सोसत होती.

त्या पहिल्या तासात माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. तिचा फोन हातात घेतला आणि मुख्याध्यापकांना पुरावा म्हणून ते चित्र माझ्या फोनवर पाठवायला निघाले. अंगठा बाणावर होता. तेवढ्यात एका प्रशिक्षणात ऐकलेलं आठवलं, की लहान मुलांचं असं चित्र पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे. हेतू कितीही चांगला असो, चित्राची आणखी एक प्रत जगात वाढतेच. मी फोन खाली ठेवला. तो नंबर, तारखा, वेळा, धमकीचे शब्द, ग्रुपच्या सदस्यांची यादी हे वहीत उतरवून घेतलं. चॅट पुसला नाही, नंबर ब्लॉकही केला नाही. चित्र जिथे होतं तिथेच राहिलं.

मुख्याध्यापक सर मनाने चांगले आहेत, पण ते घाबरले. “ग्रुप बंद करू, आईला समजावू, इथेच मिटवू. पोरीचं नाव खराब होईल, शाळेचंही.” मला त्यांची भीती कळत होती. पण मिटवायचं ठरवण्याचा अधिकार आम्हाला नव्हताच. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. त्यातल्या ११ व्या कलमाप्रमाणे मुलाचं खरं किंवा बनवलेलं असं चित्र माध्यमात टाकण्याची धमकी देणं हाही लैंगिक छळच. १९ वं कलम सांगतं, की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच हवं. कळवलं नाही तर २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंतची कैद आहे. मी सरांच्या टेबलावर ही कलमं मोठ्याने वाचली. वाचताना माझाच आवाज कापत होता. सर थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, मग म्हणाले, “चला, आधी तिच्या आईकडे जाऊ.”

आम्ही तिघं गेलो. सर, मी आणि आमच्या चित्रकलेच्या मॅडम, कारण त्यांची घरची भाषा तेलुगू. आई उंबऱ्यापाशी मांडीवर सूप घेऊन बसली होती, हाताला तंबाखू. चित्रकलेच्या मॅडमनी हळूहळू सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. तिचा पहिला प्रश्न होता, “पेपरात येईल का?” त्याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते देताना मला पहिल्यांदा जरा बळ वाटलं. पॉक्सोच्या २३ व्या कलमाने मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीही छापायला बंदी आहे. दुसरा प्रश्न, “पोलीस चौकीत बसवतील का तिला?” नाही. २४ व्या कलमात लिहिलंय, की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. पुढे तसंच झालं. साध्या पंजाबी ड्रेसमधल्या एक अधिकारी आल्या, मुलीशेजारी चटईवर बसल्या.

१०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन केला. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांविषयीच्या भागात तक्रार नोंदवली आणि लेखी अर्ज पोलिसांत दिला. आणखी एक गोष्ट केली, जी आपल्याकडे फार शिक्षकांना माहीत नाही. ‘टेक इट डाऊन’ नावाची एक मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या केंद्राची, २०२३ पासूनची. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या अशा चित्रांसाठी ती आहे. चित्र फोनबाहेर जात नाही. फोनमध्येच त्याचा आकड्यांचा एक ठसा तयार होतो आणि तेवढाच त्यांच्याकडे जातो. सहभागी असलेल्या इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या ठिकाणी त्याच ठशाचं चित्र दिसलं, तर ते काढलं जातं. नाव विचारत नाहीत. व्हॉट्सअॅपच्या बंद संदेशांपर्यंत ती पोहोचत नाही, ही तिची मर्यादा. मुलीच्या फोनवर, मुलीने स्वतः, आईसमोर तो ठसा पाठवला. त्या पाच मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर जो फरक पडला तो मी विसरणार नाही. इतके दिवस तिच्याशी कोणीतरी काहीतरी करत होतं. आता ती काहीतरी करत होती.

तपासाबद्दल मी इथे लिहिणार नाही. ते पोलिसांचं काम आहे आणि चालू आहे.

पुढे एकदा मी तिला विचारलं, “अकरा दिवस का गप्प बसलीस गं?” ती म्हणाली, “बाई, सांगितलं असतं तर फोन काढून घेतला असता. मग शाळापण बंद केली असती.”

आमच्या शाळेत त्या वेळी एकच डिजिटल नियम होता: फोन सापडला की जप्त, पालक आल्याशिवाय परत नाही. मीच तो फळ्यावर लिहिला होता. तिला त्या माणसाइतकीच आमचीही भीती होती.

त्या रविवारी मी दोनशे पानी वही घेतली. मुलांवर ऑनलाइन येणाऱ्या जोखमींचे अभ्यासक चार भाग करतात. इंग्रजीत चारही शब्द ‘सी’पासून सुरू होतात. मी मराठीत चार रकाने आखले: आशय, संपर्क, वर्तन, करार. मूल काय बघतं. कोण त्याच्यापर्यंत पोहोचतं. मुलं आपापसांत एकमेकांशी कशी वागतात. आणि आपण न वाचता कशाकशाला ‘मान्य’ म्हणून बसलोय. मग वर्ग, कक्ष, कार्यालय असं हिंडत, जिथे जोखीम दिसेल तिथे नोंद करत गेले. पंधरा दिवसांत २३ नोंदी झाल्या. त्यांतल्या १४ मुलांच्या नव्हत्याच, आम्हा शिक्षकांच्या होत्या.

सांगायला लाज वाटते, तरी सांगते. संगणक कक्षाचा पासवर्ड प्रत्येक सीपीयूवर चिकटवलेला. आठवीच्या वर्गातल्या स्मार्ट टीव्हीवर एका शिक्षकांचं स्वतःचं यूट्यूब खातं उघडंच, त्यामुळे धडा संपला की पडद्यावर त्यांच्या घरच्यांनी काल काय पाहिलं ते मुलांना दिसायचं. वाय-फायचा पासवर्ड सातवीच्या मुलांना पाठ. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेले एक सर अजून तीन ग्रुपचे अॅडमिन. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, शासनाच्या पोर्टलवर माहिती भरायची घाई असते तेव्हा वर्गशिक्षक काय करतात? एक्सेल शीट व्हॉट्सअॅपवर टाकतात. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल. ‘कृपया आपापल्या वर्गाची माहिती तपासा.’ अशा अकरा शीट शिक्षकांच्या ग्रुपवर सापडल्या आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये आपोआप उतरून बसलेल्या. त्यांतले तीन फोन शिक्षकांची लहान मुलं खेळायला घेतात.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही, हे इथेच सांगून ठेवते. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड टाकण्याची कल्पना आमच्याच जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी करून दाखवली आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले होते. आजही माझी मुलं पुस्तकातला कोड स्कॅन करून धडा ऐकतात. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी अशा मुलांना तो ऐकलेला धडा फार मोठा आधार असतो. म्हणूनच फोन नको म्हणणं मला जमत नाही.

दुरुस्तीला सुरुवात ग्रुपपासून केली. जुने सगळे ग्रुप बंद केले आणि व्हॉट्सअॅपच्या कम्युनिटीत फक्त सूचनांचा भाग ठेवला. तिथे संदेश फक्त शाळा टाकते आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. लिंक कुठेही टाकायची नाही. पालक शाळेत येतात, हजेरीपटावरचा नंबर तपासतो आणि मगच आत घेतो. हे काम कंटाळवाणं आहे, तीन आठवडे लागले. फेसबुक पानावरचे जुने फोटो एकेक करून काढले, चारशेच्या वर होते. आता फोटो लांबून, गटाचा, नाव न लिहिता, आणि संमतीपत्र असेल तरच. संमतीपत्र छापील देऊन सही घेणं सोपं असतं, पण त्याला अर्थ नसतो. चित्रकलेच्या मॅडमनी ते तेलुगूत वाचून दाखवलं, तेव्हा नऊ आयांनी ‘नको’ सांगितलं. आधीच्या वर्षी त्याच आयांच्या सह्या ‘हो’वर होत्या.

शीट शिक्षकांच्या फोनमधून काढायला सगळ्यांना स्टाफरूममध्ये एकत्र बसवलं. कोणाला दोष दिला नाही, पहिली फाइल माझ्या फोनमधली पुसली. आता आधारची माहिती कार्यालयातल्या एकाच संगणकावर, पासवर्डखाली. भरायचं असेल त्याने तिथे जाऊन भरायचं. काही जण अजून कुरकुरतात.

वाय-फायच्या राउटरमध्ये डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेच्या, जागी १.१.१.३ हा पत्ता टाकला. क्लाउडफ्लेअरची ती मोफत सोय आहे, घातक आणि प्रौढांसाठीची संकेतस्थळं त्यातून उघडत नाहीत. मी मोठ्या अभिमानाने नववीला दाखवायला गेले. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, वाय-फाय बंद करून नेट चालू केलं की झालं की.” त्या पोराचं बरोबर होतं. गाळणी शाळेच्या तारेवर बसते, खिशातल्या सिमवर नाही. संगणक कक्षापुरता तिचा उपयोग आहे, म्हणून ती ठेवली. वहीत त्या नोंदीपुढे ‘पूर्ण’ न लिहिता ‘अर्धवट’ लिहिलं.

खरं काम पालकसभेत व्हायचं होतं, आणि शाळेत बोलावलं तर आया येत नाहीत हे आम्हाला माहीत होतं. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव झाल्यानंतरच्या आठवड्यात आम्हीच वस्तीत गेलो. विड्या कारखान्यात देऊन आल्यावर, संध्याकाळी पाचला, एका देवळाच्या सभामंडपात. साठएक आया, पाच-सहा वडील. मी तयारी करून गेले होते अनोळखी लोक, इन्स्टाग्राम, खेळ यांची. अर्ध्या तासात कळलं, की यांच्या घरातली जोखीम मी वहीत नोंदलीच नव्हती.

एक आई म्हणाली, “फोनातलं आम्हाला काय कळतंय बाई? सगळं पोरगीच करते.” सगळं म्हणजे काय, ते मी विचारत गेले. लाइट बिल पोरगी भरते. गॅसचा नंबर पोरगी लावते. वडिलांच्या पगाराचा मेसेज पोरगी वाचून दाखवते. यूपीआयचा पिन पोरीला पाठ, आईला नाही. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा आमच्या दहावीतल्या एका मुलीने गल्लीतल्या चौदा बायकांचे फॉर्म आपल्या फोनवरून भरले होते. चौदा आधार कार्डांचे फोटो अजून तिच्या गॅलरीत होते. ओटीपी आला की बायका धावत येऊन तिला आकडे सांगायच्या. पंधरा वर्षांची पोर आख्ख्या गल्लीची सेतू सुविधा केंद्र झाली होती आणि तिला कोणी एक शब्द सांगितला नव्हता, की ओटीपी म्हणजे काय, कोणाला सांगायचा नसतो, आधारचा फोटो काम झाल्यावर पुसायचा असतो. ‘मुलांना ऑनलाइन धोक्यापासून वाचवा’ असं आपण पालकांना सांगत हिंडतो. इथे पालकांनाच ते मूल वाचवत होतं.

मग माझं भाषण बाजूला ठेवलं. आई आणि मुलगी एका फोनसमोर बसवल्या. पैसे यायचे असतील तर पिन कधीच टाकावा लागत नाही, हे मुलीने आईला तेलुगूत समजावलं, आईने परत म्हणून दाखवलं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन, हा आकडा आयांनी पाठ केला. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त, एवढं सांगितलं. पिन आईने स्वतः बदलायचा, असं ठरलं. चार आयांनी तिथेच बदलला. लिहिता न येणाऱ्या एकीने सहा आकडे ओव्यांसारखे गुणगुणत पाठ केले. मी तिला थांबवलं, “मोठ्याने नको, अक्का.” मंडपात हसू पिकलं.

सभेच्या शेवटी वातावरण तापलं. मी शाळेचा नवा नियम वाचला: फोनवरची अडचण घेऊन जे मूल आपणहून सांगायला येईल, त्याला शाळा रागावणार नाही, फोन काढून घेणार नाही, आणि घरीही काढून घेऊ नका अशी विनंती करेल. रात्रपाळी करून आलेले एक वडील उभे राहिले. “म्हणजे पोरगी वाट्टेल ते करणार आणि आम्ही बघत बसायचं? फोन दिलाच नाही तर हे होईलच कसं?” मला त्या प्रश्नाचं सोपं उत्तर येत नव्हतं, आजही येत नाही. तेवढंच म्हणाले, “दादा, एका मुलीने अकरा दिवस कोणाला सांगितलं नाही, कारण तुम्ही आत्ता जे बोललात तेच तिला ऐकू यायचं.” ते बसले. पटलं असं मी म्हणणार नाही. आठ दिवसांनी त्यांची मुलगी सांगत आली, “नायनांनी सांगितलंय, काय झालं तर आधी बाईंना सांग.” नायना म्हणजे तिचे वडील. त्यांना नाही, मला. तरी एक दार उघडं राहिलं.

२०२२ पासून शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. आमच्याकडे ती कागदावर होती, भिंतीवर फलक होता. आता तिची बैठक दर महिन्याला होते आणि माझी वही तिच्यापुढे उघडली जाते. दोन विद्यार्थिनी त्यात आहेत. त्यांच्यामुळे वर्तनाच्या रकान्यात नोंदी सुरू झाल्या, ज्या आम्हा मोठ्यांना कधी दिसल्याच नसत्या: एका मुलाच्या काळ्या रंगावरून केलेले स्टिकर, झोपलेल्या मुलीचा वर्गात काढलेला व्हिडिओ, ‘बे’ म्हणत म्हणत चाललेली थट्टा कधी छळ झाली ते कोणालाच न कळणं.

मुलांचा सराव त्यांनीच बसवला. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, जत्रेची सुट्टी संपल्यावर, जानेवारीत, परिपाठानंतर दहा मिनिटं. एकाने अनोळखी माणूस व्हायचं, दुसऱ्याने फोन धरायचा. सुरुवातीला सगळी हसायची. “पाठव की बे फोटो!” असं ओरडायची. मग एकदा अनोळखी झालेला मुलगा फार गोड बोलला, ‘तू किती छान चित्र काढतेस’ म्हणाला, आणि वर्ग शांत झाला. नंतर मुलांनीच तीन गोष्टींचं वाक्य केलं, ते आता प्रत्येक वर्गात रंगीत खडूने लिहिलेलं आहे: पुसू नको, पाठवू नको, येऊन सांग. फोनजप्तीचा माझा जुना नियम त्याच जागी होता.

वहीत आज ४१ नोंदी आहेत. १२ पुढे अजून ‘बाकी’ आहे. गृहपाठ आणि फीसाठी शाळेने घेतलेलं एक अॅप पालकांच्या फोनमधले सगळे संपर्क आणि ठिकाण मागतं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलंय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची खात्रीलायक संमती सांगितली आहे. गृहपाठ कळवायला संपर्कांची यादी कशाला लागते, गोळा केलेली माहिती कुठे ठेवता, आणि मुलाने शाळा सोडली की ती कधी पुसता, हे तीन प्रश्न आम्ही त्या कंपनीला लेखी विचारले. उत्तर नाही. दुसरं पत्र गेलंय. तोवर गृहपाठ पुन्हा फळ्यावर आणि वहीत.

ती मुलगी आता दहावीत आहे. निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी वर्गाच्या फोटोची तयारी चालली होती, बाकं मैदानात आणली होती. ती माझ्याजवळ आली आणि सगळ्यांसमोर, सरळ विचारलं, “बाई, हा फोटो कुठे कुठे टाकणार?”

मी सांगितलं. एक प्रत कार्यालयात चौकटीत, एकेक प्रत तुम्हा प्रत्येकाला कागदावर. फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातलं कार्ड मी समोर बसून रिकामं करून घेणार. इंटरनेटवर कुठेही नाही.

“आणि त्याच्या लॅपटॉपमधलं?”

ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी वही उघडली आणि लिहून घेतलं. मग ती गेली आणि दुसऱ्या रांगेत, मैत्रिणीशेजारी उभी राहिली.